कमावत्या मुलांना पैसे द्यावेत का, आणि द्यायचे तर कसे?

यूबीएस ही स्विस बँक दरवर्षी जगातल्या अब्जाधीशांचा आढावा घेते. २०२३च्या आढाव्यात एक गोष्ट पहिल्यांदाच दिसली. नव्याने अब्जाधीश झालेल्यांमध्ये स्वतः कमावणाऱ्यांपेक्षा वारशाने श्रीमंत झालेल्यांकडे जास्त संपत्ती आली होती. ५३ वारसदारांना मिळून सुमारे १५१ अब्ज डॉलर मिळाले, तर ८४ उद्योजकांनी मिळून सुमारे १४१ अब्ज डॉलर उभे केले. पण हा प्रश्न अब्जाधीशांपुरता नाही. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, १८ ते ३४ वयाची मुलं असलेल्या ५९ टक्के आईवडिलांनी मागच्या वर्षभरात मुलांना पैशाची मदत केल्याचं सांगितलं.

मदत होतेच आहे. ती योग्य का, यावर मात्र घरोघरी वाद आहे. या वादात अमेरिकी अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे यांचं १९८६मधलं एक म्हणणं हमखास सांगितलं जातं: मुलांना काहीही करता येईल इतकं द्यावं, पण काहीच न करता बसता येईल इतकं देऊ नये. म्हणणं बरोबर आहे, पण प्रत्यक्ष पैसे द्यायला बसलं की अपुरं पडतं. किती द्यायचे, मुलाच्या कोणत्या वयात आणि कोणत्या वाटेने, यातलं काहीच त्यातून कळत नाही.

या लेखाचं म्हणणं आधीच सांगून टाकलेलं बरं. ज्यांना सहज परवडतं त्यांनी सज्ञान मुलांना जरूर द्यावं. मात्र पैसे कशासाठी आहेत आणि ते कधी थांबणार, या दोन गोष्टी पहिला पैसा हलण्याआधी दोन्ही बाजूंना माहीत हव्यात. घरं बिघडतात ती बहुतेक वेळा रकमेच्या आकड्यामुळे नव्हे, तर या दोन गोष्टी मोघम राहिल्यामुळे.

तूट भरणारा पैसा आणि पाया घालणारा पैसा

एक मुलगा घ्या. वय २९, हातात पडणारा पगार १००, महिन्याचा खर्च १३०. कमी पडणारे ३० दर महिन्याला आईच्या खात्यातून येतात. तीन वर्षांनी पगार १२० होतो. खरं तर तूट आता १० वर यायला हवी. पण मधल्या काळात तो थोड्या मोठ्या घरात गेला, गाडी बदलली आणि खर्च १५५ झाला. तूट आता ३५ आहे. यात कुणीही लबाडी केलेली नाही. माणूस खर्च ठरवतो तो पगाराच्या पावतीवरून नाही, महिन्याला एकूण किती येतात त्यावरून. आणि त्या एकूणात आईचे ३० धरलेलेच होते.

आता तेच पैसे वेगळ्या रीतीने मोजून पाहा. महिन्याला ३०, असे ३६ महिने, म्हणजे १,०८०. मुलाचा जवळजवळ ११ महिन्यांचा पगार. एवढी रक्कम एकदम आणि ठरवून दिली असती, तर त्याला वर्षभर नोकरी सोडून नवं कौशल्य शिकता आलं असतं, किंवा घराच्या कर्जासाठी आधी भरायची रक्कम तयार झाली असती. दोन्हीकडे पैसा तितकाच गेला. पहिल्या वाटेने मुलाचा खर्च वाढला, दुसऱ्या वाटेने त्याची ताकद वाढली असती.

अर्थतज्ज्ञ जेम्स बुकॅनन यांनी १९७५मध्ये या पेचाची मांडणी केली. मदत करणाऱ्याला ‘नाही’ म्हणणं जमत नाही, हे मदत घेणाऱ्याला कळलं की स्वतःची सोय लावण्याची निकड हळूहळू कमी होते. मग मदत करणाऱ्याला पुन्हा मदत करावी लागते. दोघंही सज्जन असले तरी हे घडतं, आणि म्हणूनच ते सोडवणं अवघड आहे. रागवायला समोर कोणी दोषीच सापडत नाही.

हाड मोडलं की डॉक्टर प्लास्टर घालतात. ते किती आठवडे ठेवायचं याचा अंदाज पहिल्याच दिवशी सांगितलेला असतो, कारण गरजेपेक्षा जास्त दिवस राहिलं तर आतला स्नायू बारीक होतो. काढायचा दिवस ठरवलाच नाही, तर चूक प्लास्टर घालण्यात नसते, तो दिवस न ठरवण्यात असते.

फुकटच्या पैशाने माणूस खरंच आळशी होतो का?

अमेरिकेतले पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १८९१मध्ये लिहिलं होतं की मुलासाठी अफाट संपत्ती ठेवणारा बाप सहसा त्याची बुद्धी आणि उमेद मारून टाकतो. शंभर वर्षांनी तीन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी, होल्ट्झ-इकिन, जूल्फायन आणि रोझेन यांनी, हे म्हणणं प्राप्तिकराच्या नोंदींवर तपासलं. १९९३मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. सुमारे दीड लाख डॉलर वारसा मिळालेल्या एकट्या व्यक्तीने काम सोडण्याची शक्यता, २५ हजार डॉलरहून कमी मिळालेल्या व्यक्तीच्या सुमारे चौपट होती.

म्हणजे कार्नेगींच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण इथेच थांबलं तर चित्र अर्धवट राहतं. त्याच तिघांनी पुढच्याच वर्षी स्वतःचा छोटा व्यवसाय चालवणाऱ्यांकडे पाहिलं. तेवढाच, दीड लाख डॉलरचा वारसा मिळालेल्यांचा व्यवसाय टिकण्याची शक्यता १.३ टक्क्यांच्या फरकाने वाढली, आणि जे व्यवसाय टिकले त्यांची उलाढाल जवळपास २० टक्क्यांनी वाढली. एकाच रकमेने कुणाचं काम सुटलं, तर कुणाचं काम तगलं.

स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांचा २०१७मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आणखी स्पष्ट आहे. लॉटरी कुणाला लागेल हे नशिबावर असतं, त्यामुळे ‘मुळात आळशी होता म्हणून काम सोडलं’ ही शंका तिथे उरत नाही. बक्षिसाची रक्कम १०० धरली, तर विजेत्याची वर्षाची कमाई सरासरी १च्या आसपास कमी झाली. ही घट लगेच झाली आणि पुढची कित्येक वर्षं टिकली. स्त्री असो वा पुरुष, वय काहीही असो, फरक फारसा पडला नाही.

यातून एवढं कळतं की पैसा मिळाला की काम थोडं कमी होतं, पण सर्रास सगळे हातपाय गाळून बसत नाहीत. आणि ‘काम सोडलं’ यात लहान मूल सांभाळायला घरी थांबलेली आई येते, पुन्हा शिकायला गेलेला माणूसही येतो. त्यांना आळशी म्हणणं अन्यायाचं आहे.

‘तिसऱ्या पिढीत पैसा संपतोच’ हे कितपत खरं?

सत्तर टक्के कुटुंबांची संपत्ती दुसऱ्या पिढीत आणि नव्वद टक्क्यांची तिसऱ्या पिढीत संपते, असा आकडा सल्लागारांच्या भाषणांत सारखा ऐकू येतो. त्याच्या मुळाशी जो अभ्यास सांगितला जातो तो १९८७चा आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातले सुमारे दोनशे कारखाने त्यात होते, आणि साठ वर्षांनी किती कारखाने त्याच कुटुंबाकडे उरले एवढंच त्यात मोजलं होतं. उत्तर १३ टक्के आलं. पण कारखाना विकला म्हणजे पैसा गेला असं होत नाही. चांगल्या भावात विकून कुटुंब आणखी श्रीमंत झालेलं असू शकतं.

याच्या अगदी उलट टोकाला इटलीतलं फ्लॉरेन्स आहे. बारोने आणि मोचेत्ती या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या १४२७च्या करनोंदी २०११च्या करनोंदींशी आडनावांवरून जोडून पाहिल्या. जवळजवळ सहाशे वर्षांनंतरही तेव्हाच्या श्रीमंत घराण्यांची आडनावं वरच्या थरात सरासरीपेक्षा जास्त सापडली. पैसा आपोआप उडून जातो या भरवशावर कुणी राहू नये.

संपतो तेव्हा का संपतो, याचं गणित मात्र साधं आहे. शिल्लक १०० धरा. महागाई वजा जाता ती दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढते. कुटुंबाने वर्षाला ४ काढले तर मुद्दल कायम राहतं. ५ काढले तर ४१ वर्षांत खडखडाट. ६ काढले तर २८ वर्षांत. ८ काढले तर अठराव्या वर्षीच. वर्षाला ४ आणि ६ यातला फरक रोजच्या जगण्यात जाणवतही नाही, पण २८ वर्षं म्हणजे बरोबर एक पिढी.

शिवाय खाणारी तोंडं वाढतात. प्रत्येकाला तीन मुलं झाली, तर तीन मुलं, नऊ नातवंडं आणि सत्तावीस पतवंडं होतात. मुद्दल जागेवर राहिलं तरी पतवंडाच्या वाट्याला मुलाच्या वाट्याचा नववा भाग येतो. म्हणून ‘माझ्या वंशजांना कधीच काही कमी पडू नये’ हे आश्वासन फार मोठ्या संपत्तीलाही पेलत नाही. मुलांपुरतं आणि नातवंडांच्या शिक्षणापुरतं ठरवलं तर ते पेलतं.

साठाव्या वर्षी मिळालेल्या पैशाचं काय करायचं?

तिसाव्या वर्षी मूल झालं आणि आईवडील नव्वदीपर्यंत जगले, तर वारसा हातात येतो तेव्हा ते मूल साठ वर्षांचं असतं. घर घेऊन झालेलं असतं, कर्ज फिटलेलं असतं, स्वतःची मुलं शिकून बाहेर पडलेली असतात. पैशाने आयुष्याची दिशा बदलते ती २५ ते ४० या वयात, आणि नेमकी तेव्हाच तिजोरी बंद असते. ‘माझ्यानंतर सगळं तुझंच आहे’ हे प्रेमाने म्हटलेलं असलं, तरी पस्तिशीत दोन लहान मुलांसह भाड्याच्या घरात राहणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

हयातीत देण्याला करव्यवस्थाही अनेक देशांत वाट ठेवते. ब्रिटनमध्ये वारसा कराचा दर ४० टक्के आहे, पण देणारा त्यानंतर सात वर्षं जगला तर सज्ञान मुलाला सरळ दिलेली रक्कम त्या हिशेबात धरली जात नाही. जर्मनीत आई आणि वडील प्रत्येकी, प्रत्येक मुलाला, दर दहा वर्षांत चार लाख युरो करमुक्त देऊ शकतात. म्हणजे साठीत एकदा आणि सत्तरीत एकदा देणाऱ्याला ही सवलत दोनदा मिळते, आणि सगळं मृत्युपत्रावर सोडणाऱ्याला एकदाच. अमेरिकेत नातवंडाची फी शिक्षणसंस्थेला किंवा उपचाराचं बिल रुग्णालयाला थेट भरलं, तर ते बक्षीस-करात, म्हणजे दुसऱ्याला दिलेल्या पैशावरच्या करात, मोजलं जात नाही. तेच पैसे नातवंडाच्या खात्यात टाकून त्याने फी भरली, तर मोजलं जातं. रक्कम तीच, वाट चुकली की हिशेब बदलतो.

एक चूक वारंवार होते. आईवडील घर मुलाच्या नावावर करतात आणि भाडं न देता त्याच घरात राहत राहतात. ब्रिटनच्या नियमात हे दिलं असं धरतच नाहीत, सात काय सतरा वर्षं गेली तरी. शिवाय घर कायद्याने मुलाचं झालेलं असतं. त्याचा घटस्फोट झाला किंवा तो कर्जात बुडाला, तर आईवडिलांच्या डोक्यावरचं छप्पर त्याच्या भांडणात ओढलं जातं. राहतं घर आणि म्हातारपणाच्या सेवाशुश्रूषेचा खर्च बाजूला ठेवून जे उरतं, तेवढंच ‘देण्याजोगं’ समजावं.

बक्षीस, कर्ज की वारशातली उचल?

कुटुंबात सगळ्यात जास्त भांडणं या तीन शब्दांच्या गोंधळातून होतात. बक्षीस परत येणार नसतं. कर्ज परत यायचं असतं. उचल म्हणजे पुढे मिळणाऱ्या वाट्यातला भाग आधी देणं. देताना कुणी नाव घेत नाही, ‘घे, नंतर बघू’ म्हणतात, आणि वीस वर्षांनी एक भाऊ त्याला बक्षीस म्हणतो, तर बहीण उचल म्हणते. खरं काय ते सांगणारे आईवडील तोवर गेलेले असतात.

कर्ज द्यायचं तर एक पानाचा कागद पुरतो. रक्कम, दिल्याची तारीख, हप्ता किती आणि कोणत्या तारखेला, व्याज आहे की नाही, दोन हप्ते चुकले तर काय करायचं, आणि देणारा वारला तर उरलेली बाकी मुलाच्या वाट्यातून वजा करायची की माफ करायची. शेवटचं कलम लोक लिहायचं टाळतात, आणि सगळ्यात जास्त गरज त्याचीच पडते. दोघांच्या सह्या घ्याव्यात. मूल विवाहित असेल तर जोडीदारालाही प्रत द्यावी. पुढे ते वेगळे झाले, तर एकाच्या तोंडी ते कर्ज असतं आणि दुसऱ्याच्या तोंडी बक्षीस. न्यायालय मग कागद मागतं. पैसे बँकेतूनच द्यावेत, परतफेडही बँकेतूनच यावी. काही देशांत बिनव्याजी कर्जही करखात्याला चालत नाही. अमेरिकेत सरकार दर महिन्याला किमान व्याजदर जाहीर करतं, आणि त्याहून कमी घेतलं तर मोठ्या रकमांच्या बाबतीत न घेतलेलं व्याज बक्षीस धरलं जातं.

हे सगळं करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: ही रक्कम कधीच परत आली नाही, तर या मुलाशी माझं बोलणं आजच्यासारखं राहील का? उत्तर ‘नाही’ असेल, तर कर्ज देऊ नये. झेपेल तेवढी लहान रक्कम बक्षीस म्हणून द्यावी आणि विषय संपवावा.

जामीन राहणं ही तर मदतीची सगळ्यात फसवी रीत. पैसे काहीच जात नाहीत, नुसती सही करायची असते, म्हणून ती स्वस्त वाटते. पण जामीनदार संपूर्ण कर्जाला बांधला जातो, आणि ते कधी थकेल हे त्याच्या हातात नसतं. १००च्या कर्जाला जामीन राहण्यापेक्षा २० रोख देऊन मुलाला ८०चं कर्ज स्वतःच्या नावावर घ्यायला सांगावं. तुमचं नुकसान २०च्या पलीकडे जात नाही, आणि बँक ८० देते का यावरून त्याची ऐपतही कळते.

ट्रस्ट म्हणजे नेमकं काय?

पाण्याच्या टाकीचं उदाहरण घेऊ. एक जण टाकी भरतो आणि बाजूला होतो. दुसऱ्याच्या हातात तोटी असते. तिसरा पाणी पितो. पैसा ठेवणारा, तो सांभाळणारा विश्वस्त आणि ज्याच्यासाठी ठेवला तो लाभार्थी, अशा तिघांच्या या व्यवस्थेला ट्रस्ट म्हणतात. तोटी कधी आणि किती सोडायची, हे पहिल्याने लिहून ठेवलेलं असतं. ते लिहिणं हाच अवघड भाग आहे.

वयानुसार तीन टप्प्यांत देण्याची रीत फार वापरात आहे: २५, ३० आणि ३५व्या वर्षी एकेक तृतीयांश. कल्पना चांगली आहे. पहिला भाग चुकून उडवला तरी दोन उरतात, आणि त्या चुकीतून माणूस शिकतो. पण शब्द नेमके हवेत. ‘तिसाव्या वर्षापासून एक तृतीयांश’ यासारखी मोघम भाषा नको, आणि नुसतं ‘एक तृतीयांश’ही पुरत नाही. तो मूळ रकमेचा की त्या दिवशीच्या शिलकेचा? पहिल्या टप्प्याला शिलकेचा एक तृतीयांश, दुसऱ्याला उरलेल्याचा निम्मा आणि तिसऱ्याला उरलेलं सगळं, असं लिहिलं की वाद उरत नाही. दुसरी अडचण अशी की ३५वा वाढदिवस नेमका घटस्फोटाच्या किंवा दिवाळखोरीच्या मध्ये येऊ शकतो, आणि ‘दिलेच पाहिजेत’ असं लिहिलं असेल तर पैसा थेट धनकोंच्या हातात जातो. म्हणून ‘देता येतील’ असं लिहावं आणि कोणत्या परिस्थितीत थांबवायचे तेही नमूद करावं.

‘तू जितकं कमावशील तितकंच ट्रस्ट देईल’ ही अट ऐकायला न्याय्य वाटते. ती लिहू नये. शेअर दलाल झालेल्या मुलाला तिने भरभरून मिळतं, परिचारिका झालेल्या मुलीला थोडंसं, आणि आजारी आईची सेवा करायला नोकरी सोडलेल्या तिसऱ्याला शून्य. अट लिहिणाऱ्याला असं मुळीच नको होतं. त्यापेक्षा अमेरिकी ट्रस्टमध्ये रूढ असलेली कसोटी साधी आहे: आरोग्य, शिक्षण, निर्वाह आणि आधार, या चार कारणांसाठी विश्वस्ताने पैसे द्यावेत.

एका भावंडाला दुसऱ्याचा विश्वस्त करू नये. चाळिशीतल्या माणसाला धाकट्या बहिणीकडे घराच्या दुरुस्तीचे पैसे मागावे लागले की ते नातं टिकत नाही. बाहेरचा विश्वस्त शुल्क घेतो, पण त्या पैशांत भावंडं भावंडं राहतात. त्याला बदलण्याचा अधिकार कुणाला, हेही लिहून ठेवावं.

‘सगळ्यांना सारखंच द्यायला हवं ना?’

मृत्युपत्रात सारखं, हयातीत गरजेप्रमाणे, आणि दोन्हींचा हिशेब एका वहीत. एवढं पाळलं तर बरंच निभावतं. एकीच्या शिक्षणाला ५० दिले आणि दुसऱ्याला काहीच लागलं नाही, तर ते उचल म्हणून नोंदवून शेवटी सम करता येतं. नोंद सगळ्या मुलांना दिसली पाहिजे. लपवलेली नोंद मागाहून सापडली की विष कालवते.

अपंग किंवा दीर्घ आजारी मुलासाठी मात्र हा नियम बाजूला ठेवायचा. तिथे मदत कधी थांबणार हा प्रश्नच गैरलागू आहे. आईवडिलांनंतर ती कशी चालू राहील हा खरा प्रश्न, आणि इथे प्रेमापोटी मोठी चूक होते. अनेक देशांत अपंगांना मिळणारी सरकारी मदत त्यांच्या नावावरच्या मालमत्तेवर अवलंबून असते. अमेरिकेत अशी एक मदत घेणाऱ्या एकट्या व्यक्तीकडे २,००० डॉलरहून जास्त धरता येण्याजोगी मालमत्ता असली की ती बंद होते. ही मर्यादा १९८९पासून बदललेली नाही. आजोबांनी मृत्युपत्रात नातवाला थेट ५० हजार डॉलर ठेवले, तर ते खर्च होईपर्यंत त्याची मदत थांबते. तेच पैसे वेगळ्या ट्रस्टमध्ये, नातवाला स्वतः मागण्याचा हक्क न देता ठेवले, तर मदतही चालू राहते आणि वरच्या गरजाही भागतात. इतर नातेवाइकांनाही हे आधी सांगून ठेवायला हवं.

व्यसनात सापडलेल्या मुलाच्या हातात रोख देऊ नये. पण हात आखडूनही घेऊ नये. उपचार केंद्राचं बिल आणि घरमालकाचं भाडं थेट भरता येतं.

‘कायद्याने देणं भाग आहे का?’

देशागणिक उत्तर वेगळं आहे. जर्मनीत मूल सज्ञान झालं तरी त्याच्या पहिल्या व्यवसायशिक्षणाचा खर्च आईवडिलांवर असतो. इटलीत मूल स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत जबाबदारी राहते, पण ती अमर्याद नाही असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये एका अर्धवेळ संगीतशिक्षकाच्या प्रकरणात बजावलं. २०२३मध्ये तिथल्याच पाव्हिया शहरातल्या न्यायालयाने ७५ वर्षांच्या आईच्या अर्जावर तिच्या चाळिशीतल्या दोन मुलांना घर सोडायचा आदेश दिला. फ्रान्समध्ये मृत्यूनंतरचा वाटा राखीव आहे: एक मूल असेल तर निम्मी मालमत्ता, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश. भारतात २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं २३वं कलम उलट बाजूने संरक्षण देतं. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. ही अट कागदावर स्पष्ट लिहिलेली असली तर काम सोपं होतं.

‘पैसे हातात ठेवले तरच मुलं विचारतात’

याचाही अभ्यास झालेला आहे. बर्नहाइम, श्लाइफर आणि समर्स यांनी १९८५मध्ये दाखवलं की मागे ठेवण्याजोगी संपत्ती जास्त असलेल्या आईवडिलांना मुलं जास्त वेळा भेटतात आणि फोन करतात. मात्र हे दोन किंवा अधिक मुलं असलेल्या घरांतच दिसलं. एकुलतं एक मूल असेल तिथे फरक नव्हता, कारण वाटा दुसऱ्याकडे जाण्याची भीती तिथे नसते.

वारशाची आशा दाखवून भेटी मिळवता येतात, हे यावरून मान्य करावं लागतं. पण असं केलेल्या घरात प्रत्येक भेटीवर संशय बसतो, आणि जो मुलगा खरंच मायेने येतो त्याच्यावरही तो बसतो. एवढी किंमत देण्याजोगं त्यात काही नाही. अट घालायचीच तर ती उघड आणि पैशापुरती असावी: ‘हे घरासाठी आहेत, घर घेतलं नाहीस तर परत.’ लग्न कुणाशी करायचं, राहायचं कुठे, देव मानायचा की नाही, हे पैशाला बांधू नये.

‘आणि ज्यांना श्रीमंत आईवडील नाहीत त्यांचं काय?’

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. एका मुलाला व्यवसायात दोनदा आपटून तिसऱ्यांदा उभं राहता येतं आणि दुसऱ्याचं पहिल्याच अपयशात सगळं संपतं, हा फरक गुणांचा नाही. पण घरातल्या उत्तराने तो मिटत नाही. श्रीमंताने स्वतःच्या मुलीची फी भरली नाही म्हणून गरिबाची मुलगी शिकत नाही. त्यासाठी कर, शिष्यवृत्त्या आणि चांगल्या सार्वजनिक शाळाच लागतात. आपल्या मुलांना देणाऱ्याने तो कर कुरकुर न करता भरावा, आणि मुलांना पुरेसं देऊन झाल्यावर उरलेलं बाहेर जाऊ द्यावं. बफे यांनी २०२४मध्ये हेच जाहीर केलं. त्यांच्यानंतर उरलेली जवळजवळ सगळी संपत्ती धर्मादाय कामाला जाईल, आणि ती कशी वाटायची हे त्यांची तीन मुलं एकमताने ठरवतील.

आधीच चालू असलेली महिन्याची मदत थांबवायची कशी?

एका फटक्यात नाही. महिन्याला ३० जात असतील तर ते दर तीन महिन्यांनी ५ने कमी करावेत. दीड वर्षात शून्यावर येतात. सहाही तारखा पहिल्याच दिवशी लिहून द्याव्यात, म्हणजे भाड्याचा करार किंवा गाडीचं कर्ज संपतं कधी ते बघून मुलाला मांडणी करता येते. कारण सांगताना त्याच्या खर्चावर टीका करू नये. वर्षानुवर्षं न विचारता देणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे. पहिल्या कपातीनंतर बहुतेक वेळा काहीतरी अडचण येतेच, आणि त्या वेळी वेळापत्रक मागे न्यायचा मोह होतो. खरंच संकट असेल, नोकरी जाणं किंवा शस्त्रक्रिया, तर त्यासाठी वेगळी, एकदाच, नाव देऊन रक्कम द्यावी, पण महिन्याचा आकडा पुन्हा वाढवू नये.

बंद कशापासून करायचं याचाही क्रम आहे. आधी क्रेडिट कार्डाचं बिल, कारण त्याला वरची मर्यादाच नसते. मग गाडी, मग भाडं. आरोग्यविमा सगळ्यात शेवटी, आणि तोही मुलाचा स्वतःचा विमा सुरू झाल्याचा कागद हातात आल्यावरच. एकदा खंड पडला की अनेक ठिकाणी जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ पहिल्यापासून मोजला जातो, आणि त्या काळात काही झालं तर बिल फिरून आईवडिलांकडेच येतं.